मूळ चित्रपट कोणाचा? चाहत्यांनी केलेल्या प्रिंट-स्कॅनचा नैतिक पेच

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. २०२७ मध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने १९७७ साली पडद्यावर दिसलेली मूळ आवृत्ती नव्याने सिद्ध करून पुन्हा चित्रपटगृहांत आणली जाईल, असे लुकासफिल्म या निर्मिती संस्थेने जाहीर केले आहे. वरकरणी ही एका लोकप्रिय चित्रपटाच्या सुवर्णमहोत्सवाची बातमी आहे. परंतु तिच्यामागे जवळपास तीन दशकांचा वाद दडलेला आहे. चित्रपटसृष्टीच्या इतिहासाला वळण देणाऱ्या या कलाकृतीचे मूळ रूप आजच्या दर्जात अधिकृतपणे विकत घेण्याची सोय या काळात प्रेक्षकांना नव्हती. ही उणीव काही चाहत्यांनी स्वतः भरून काढली. त्यांनी जुन्या ३५ मिलिमीटरच्या प्रिंट मिळवल्या, त्यांचे एकेक चौकट करून स्कॅन केले आणि ते इतरांना विनामूल्य उपलब्ध करून दिले.

कायद्याच्या भाषेत हे स्वामित्व हक्काचे उल्लंघन ठरते. चाहत्यांच्या मते ते सांस्कृतिक वारशाचे जतन आहे. दोन्ही विधानांत तथ्य असल्यामुळेच हा प्रश्न केवळ कायद्याचा न राहता नीतीचाही झाला आहे.

बदलत गेलेला चित्रपट

मूळ आवृत्ती हा शब्दप्रयोग सोपा वाटला, तरी चित्रपटाच्या बाबतीत तो तितका सोपा नसतो. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या आरंभीच्या सरकत्या मजकुरात ‘एपिसोड फोर : अ न्यू होप’ हे शब्द नव्हते, ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी जोडले गेले. मोनो आणि स्टिरिओ प्रिंटमधील ध्वनिमिश्रणही एकसारखे नव्हते. मात्र हे फरक किरकोळ होते. मोठा बदल झाला तो १९९७ मध्ये. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्या वर्षी चित्रपटाची ‘स्पेशल एडिशन’ प्रदर्शित केली. संगणकाने निर्मिलेली नवी दृश्ये तीत घालण्यात आली आणि १९७७ मध्ये वगळलेला जब्बा या पात्राचा प्रसंगही तीत समाविष्ट झाला. मद्यालयातील ज्या प्रसंगात मूळ चित्रपटात केवळ हान सोलो गोळी झाडतो, तेथे आता समोरचा ग्रीडो आधी गोळी झाडताना दिसू लागला. नायकाच्या स्वभावाची छटाच त्यामुळे बदलली, असा आक्षेप आजही घेतला जातो. त्यानंतर २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे आणि २०१९ ची इंटरनेटवरील ४के आवृत्ती अशा प्रत्येक टप्प्यावर आणखी बदल होत गेले.

१९९७ च्या आवृत्तीसाठी मूळ निगेटिव्ह कापून तीत नवे तुकडे जोडण्यात आले, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक तपशील होय. ज्या फितीवरून जुना चित्रपट जसाच्या तसा पुन्हा काढता आला असता, तीच बदलली गेली. २००६ मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर जोड-तबकडीच्या रूपात आली खरी. पण ती १९९३ मध्ये लेझरडिस्कसाठी तयार केलेल्या जुन्या व्हिडिओ मास्टरवरून घेतली होती. नव्या दूरचित्रवाणी संचांवर तिचा दर्जा अगदीच तोकडा पडत असे.

सुधारित आवृत्ती हीच आपल्या मनातील खरी कलाकृती आहे, १९७७ मध्ये पैसा आणि तंत्र अपुरे पडल्यामुळे ती तशी साकारता आली नव्हती, अशी लुकास यांची भूमिका राहिली आहे. आपल्या लेखी जुनी आवृत्ती आता अस्तित्वातच नाही, असे त्यांनी २००४ मध्ये एका वृत्तसंस्थेला सांगितले होते. लेखक आपल्या कादंबरीची सुधारित आवृत्ती काढतो, त्याचप्रमाणे दिग्दर्शकालाही आपली कलाकृती सुधारण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व म्हणून अमान्य करता येत नाही. फरक इतकाच, की कादंबरीची पहिली आवृत्ती ग्रंथालयाच्या कपाटात वाचकाला सापडते. चित्रपटाच्या बाबतीत ते कपाटच हक्कधारकाच्या कुलपात असते.

याच लुकास यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना वेगळा सूर लावला होता, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. कृष्णधवल चित्रपट रंगीत करण्याच्या लाटेविरुद्ध ती साक्ष होती. चित्रपट हा समाजाचा सांस्कृतिक वारसा असून मालकी हाती आहे म्हणून कोणी तो बदलून टाकू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला आणि १९८९ मध्ये त्याखालील नोंदवहीत पहिल्या पंचवीस चित्रपटांची निवड झाली. त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. लुकास यांचा रोख मालकांवर होता, निर्मात्या कलावंतांवर नव्हता, असे त्यांचे समर्थक म्हणतात. तरीही प्रश्न उरतोच. १९७७ च्या चित्रपटाला मिळालेल्या ऑस्कर पुरस्कारांत संकलनाचा पुरस्कार मार्शा लुकास, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू यांचा होता. दृश्य-परिणामांचा पुरस्कार जॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. दिग्दर्शकाच्या नव्या निर्णयामुळे या सर्वांचे काम मूळ रूपात पाहण्याची वाट बंद व्हावी काय?

प्रिंट ते स्कॅन

कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवरून आधी इंटरपॉझिटिव्ह, तिच्यावरून इंटरनिगेटिव्ह आणि शेवटी चित्रपटगृहांत दाखवायच्या प्रिंट काढल्या जातात. प्रत्येक पिढीगणिक थोडी तीक्ष्णता कमी होते. या प्रिंट चित्रपटगृहांना विकल्या जात नसत, भाड्याने दिल्या जात. प्रदर्शन संपले की त्या परत करायच्या किंवा नष्ट करायच्या, असा नियम होता. प्रत्यक्षात अनेक प्रिंट गोदामांत, भंगारवाल्यांकडे, प्रोजेक्शन कक्षांत पडून राहिल्या आणि तेथून संग्राहकांच्या हाती गेल्या. स्टुडिओंना हे कधीच रुचले नाही. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआयने अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांच्या घरी धाड घालून त्यांचा चित्रपटसंग्रह जप्त केला होता. म्हणजेच प्रिंट बाळगणाऱ्या संग्राहकाकडे कधी चोर म्हणून, तर कधी रक्षक म्हणून पाहिले गेले आहे.

काळ हा या प्रिंटचा मोठा शत्रू आहे. ईस्टमन पद्धतीच्या जुन्या प्रिंटमधील निळसर रंगद्रव्य आधी उडते आणि काही दशकांत सारे चित्र गुलाबी-तांबडे दिसू लागते. टेक्निकलर कंपनीच्या रंगमुद्रण पद्धतीने काढलेल्या प्रिंटचे रंग मात्र दीर्घकाळ टिकतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १२ जून २०२५ रोजी लंडनमधील आपल्या महोत्सवाच्या आरंभी ‘स्टार वॉर्स’ची १९७७ मधील अशीच टेक्निकलर प्रिंट पडद्यावर दाखवली, तेव्हा या प्रदर्शनाची जगभर बातमी झाली.

चाहत्यांच्या ‘४के७७’ या प्रकल्पाचा आधारही टेक्निकलर प्रिंटच होती. २०१८ मध्ये लोकांपुढे आलेल्या या आवृत्तीचा सुमारे ९७ टक्के भाग एकाच प्रिंटवरून घेतल्याचे प्रकल्पकर्त्यांनी नमूद केले आहे. १२१ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ चौकटी; म्हणजे सुमारे १ लाख ७४ हजार चौकटी स्कॅन करणे, त्यांवरील धूळ, ओरखडे आणि जोड शोधून ते पुसणे, रंगांचा मेळ साधणे, असे हे काम आहे. ते अनेकांनी मोबदल्याविना वर्षानुवर्षे केले. या परिश्रमांचे मोल कोणी नाकारत नाही. वाद आहे तो परिश्रमांनंतरच्या पावलाचा, म्हणजे ती फाइल इतरांना देण्याचा.

कायद्याची बाजू

प्रिंटची मालकी आणि चित्रपटाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक विकत घेतल्याने ते छापण्याचा अधिकार मिळत नाही. त्याचप्रमाणे प्रिंट हाती असली, तरी तिच्या प्रती काढून वाटण्याचा अधिकार मिळत नाही. अमेरिकी कायद्यानुसार कंपनीच्या नावे असलेल्या अशा कलाकृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण आहे. त्यामुळे ‘स्टार वॉर्स’ २०७२ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. त्या वेळी १९७७ चे सर्वांत तरुण प्रेक्षकही शंभरीच्या आसपास असतील आणि सामान्य प्रिंटचे रंग केव्हाच उडून गेलेले असतील. ग्रंथालये आणि अभिलेखागारांना जतनासाठी प्रती काढण्याची मर्यादित सवलत अमेरिकी कायदा देतो. ती व्यक्तींना लागू होत नाही. ‘न्याय्य वापरा’चे तत्त्व समीक्षा, अध्यापन, विडंबन यांना आधार देते, संपूर्ण चित्रपटाच्या वितरणाला तो आधार मिळणे जवळपास अशक्य आहे.

चाहत्यांच्या वर्तुळात एक अलिखित नियम आहे. ज्याने अधिकृत प्रत विकत घेतली आहे, त्यानेच असे स्कॅन उतरवून घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने या नियमाला काही किंमत नाही. पण त्यातून एक नैतिक जाणीव दिसते. हक्कधारकाचे नुकसान करण्याचा हेतू नाही, असे तो नियम सांगतो. मात्र फाइल एकदा हातातून सुटली, की ती कोणाकडे जाईल यावर तिच्या कर्त्याचा ताबा राहत नाही. विनामूल्य दिलेल्या अशाच आवृत्त्या तबकड्यांवर भरून विकणारे महाभाग असतातच.

भारतातील संदर्भ

भारतात चित्रपटाचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ त्यामुळे २०३५ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे, तर प्रभातचा १९३६ मधील ‘संत तुकाराम’ सर्वांसाठी खुला झालेला आहे. १९५७ च्या कायद्यातील कलम ६३ नुसार जाणीवपूर्वक केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून कमी शिक्षा देऊ शकते. हेतूचा विचार कायदाही करतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतीय चित्रपटांच्या बाबतीत जतनाचा प्रश्न अधिक तीव्र आहे. देशातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्ण स्वरूपात पाहता येत नाही. चांदी काढण्यासाठी जुनी रिळे भंगारात वितळवली गेली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या संग्रहपालाने रिळांच्या शोधात देश पालथा घातला. पण तोवर पुष्कळ काही नष्ट झाले होते. उरलेल्यांपैकी शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत भस्मसात झाली. अशा देशात एखाद्या संग्राहकाच्या माळ्यावरील पत्र्याचा डबा हीच एखाद्या चित्रपटाची शेवटची खूण असू शकते.

बदललेल्या आवृत्तीचा प्रश्नही येथे परका नाही. आणीबाणीच्या काळात सेन्सॉर मंडळाच्या आग्रहामुळे ‘शोले’चा शेवट बदलावा लागला. ठाकूरच्या हातून गब्बरचा अंत होण्याऐवजी पोलीस वेळेवर येऊन पोहोचले आणि प्रेक्षकांच्या पिढ्यांनी तोच शेवट पाहिला. मूळ शेवट अनेक वर्षे काही व्हिडिओ प्रतींतून पाहिला जात होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झाल्याचे आढळले. ब्रिटनमधील गोदामात मिळालेल्या इंटरपॉझिटिव्हचा आधार घ्यावा लागला. मूळ शेवटासह ही आवृत्ती जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला भारतात प्रदर्शित झाली.

याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदललेल्या शेवटासह हक्कधारक कंपनीने पुन्हा प्रदर्शित केली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेते धनुष यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. भारतीय कायद्याच्या व्याख्येनुसार चित्रपटाचा ‘लेखक’ म्हणजे निर्माता. त्यामुळे दिग्दर्शकाच्या हाती अशा वेळी फारशी साधने नसतात. ‘स्टार वॉर्स’मध्ये कलावंतानेच चित्रपट बदलला, ‘शोले’मध्ये शासनाच्या दबावाने, तर ‘रांझणा’मध्ये मालकाने. प्रत्येक वेळी प्रेक्षकापुढचा प्रश्न एकच राहिला : प्रथम प्रदर्शित झालेले रूप पाहण्याची सोय कोण ठेवणार?

विवेकाच्या कसोट्या

स्कॅन करणे आणि स्कॅन वाटणे यांत भेद करणे ही या विवेचनातील पहिली पायरी ठरते. झिजत चाललेल्या प्रिंटचे स्कॅन करून ठेवण्याने कोणाचेही उत्पन्न बुडत नाही. उलट, पुढे अधिकृत पुनरुज्जीवनाला त्याचा उपयोग होऊ शकतो. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन चित्रपटाचे हरवलेले सुमारे २५ मिनिटांचे दृश्यभाग २००८ मध्ये अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरातील संग्रहालयात सापडले. ती १६ मिलिमीटरची प्रत मुळात एका खासगी संग्राहकाकडील प्रिंटवरून आलेली होती. संग्रहालय आणि हक्कधारक संस्था यांच्या सहकार्याने तो भाग २०१० मध्ये जगापुढे आला. संग्राहकाची आवड आणि संस्थेची शिस्त एकत्र आली तर काय घडते, याचा हा उत्तम दाखला आहे.

वाटप करताना मात्र काही कसोट्या लावाव्या लागतात. पहिली कसोटी उपलब्धतेची. तीच आवृत्ती अधिकृतपणे, बऱ्या दर्जात मिळत असेल, तर ‘जतना’चे समर्थन गळून पडते. अधिकृत तबकडीतील रंग आवडले नाहीत, एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही. दुसरी कसोटी पैशाची. स्कॅनिंगचा खर्च वर्गणीतून भागवणे आणि प्रती विकणे यांतील रेषा पुसट आहे. वर्गणी देणाऱ्यालाच फाइल मिळणार असेल, तर ती विक्रीच झाली. तिसरी कसोटी प्रिंट हाती कशी आली, याची. विश्वासाने पाहण्यास दिलेली प्रिंट परस्पर स्कॅन करणे किंवा संग्रहालयातील फाइल गुपचूप बाहेर काढणे, यात केवळ हक्कधारकाची हानी होत नाही. अशा एका घटनेनंतर संग्राहक आपले डबे उघडेनासे होतात आणि स्टुडिओ संग्रहालयांना प्रिंट देताना हात आखडता घेतात. त्याची किंमत सर्व अभ्यासकांना मोजावी लागते.

चौथी कसोटी प्रामाणिकपणाची आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. रंग उडालेल्या प्रिंटवरून मूळ रंग ठरवताना चाहताही स्वतःच्या अंदाजाने निर्णय घेत असतो. तुटलेली चौकट दुसऱ्या प्रिंटमधून उचलतो, ध्वनी तिसरीकडून आणतो. अशा आवृत्तीला सरसकट ‘मूळ’ म्हणणे ही दिशाभूल होय. कोणती प्रिंट वापरली, काय बदलले, काय अंदाजाने केले, हे स्पष्ट नोंदवले नाही, तर दिग्दर्शकावर इतिहास पुसल्याचा ठपका ठेवणारा चाहताच नवा, नोंद नसलेला फेरफार करून बसतो. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यातही नोंदवहीतील चित्रपटात मोठे बदल केल्यास तसे लेबल लावण्याची अट होती. तीच अट चाहत्यांनी स्वतःला लावून घेणे उचित ठरेल.

हक्कधारकांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. कोणते उल्लंघन उदात्त आणि कोणते नाही, हे प्रत्येकाने स्वतःच ठरवायचे म्हटले, तर कायद्याला अर्थ उरत नाही. मोठ्या कंपनीला एका चाहत्याच्या स्कॅनने फारसा धक्का बसत नसेल. पण जुन्या चित्रपटांच्या हक्कांवर गुजराण करणाऱ्या छोट्या निर्मात्याच्या घरात तोच युक्तिवाद चोर शिरावा तसा शिरतो. पुनरुज्जीवनाचा खर्च मोठा असतो. चित्रपट आधीच सर्वत्र फिरत असेल, तर तो खर्च करण्यास कोणी धजावत नाही. या आक्षेपाला ‘आम्ही पैसे घेत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

पण हक्काबरोबर येणाऱ्या जबाबदारीकडेही दुर्लक्ष करता येत नाही. स्वामित्व हक्क हा समाजाने निर्मात्याला ठरावीक मुदतीसाठी दिलेला अधिकार आहे आणि मुदत संपल्यावर कलाकृती समाजाकडे परत यावी, अशी त्यामागची अपेक्षा आहे. मुदत संपेपर्यंत मूळ रूपच शिल्लक राहिले नाही, तर परत काय येणार? आपली कलाकृती बदलण्याचा अधिकार निर्मात्याला असावा. आधीचे रूप नाहीसे करण्याचा अधिकार त्यात गृहीत धरता येत नाही. नव्या आवृत्तीशेजारी जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवणे आणि तिची एक उत्तम प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा करणे एवढे केले, तरी चाहत्यांच्या स्कॅनचे नैतिक समर्थन आपोआप संपुष्टात येईल.

२०२७ मधील प्रदर्शन या दृष्टीने दोन्ही बाजूंची परीक्षा पाहणारे ठरेल. मूळ ‘स्टार वॉर्स’ काही आठवड्यांच्या खेळांपुरता येतो, की त्यानंतरही घरोघरी कायम उपलब्ध राहतो, यावर हक्कधारकांची जबाबदारी तपासली जाईल. आणि तो तसा उपलब्ध झाला, तर इतकी वर्षे ‘अधिकृत आवृत्ती मिळत नाही’ असे सांगणारे चाहते आपल्या फाइल वाटणे थांबवतात काय, यावर त्यांची.